आधी हळदीची तारीख सांगा

माया बुधाजी तायडे हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. ऐकायला हवं होतं, म्हणून मी लिहायला बसले आहे.

मी आकांक्षा. अमरावतीत राजापेठेत माझा त्वचेचा दवाखाना आहे आणि महिन्यातून दोन गुरुवार मी अकोल्याला जाते. माया सात वर्षं माझ्याकडे नर्स आहे. मला स्वतःचं कौतुक करायला मनापासून आवडतं, हे माझ्या घरातलं कुणीही सांगेल. आज मात्र दुसऱ्या बाईचं करणार आहे, आणि त्यात माझी थोडी शोभाही होणार आहे. होऊ दे.

माया चांदूर बाजारजवळच्या खेड्यातली. वडील बुधाजी संत्र्याच्या बागांत रोजीने जायचे, आई इंदूबाई निंदणीला आणि कापूस वेचायला. बारावीनंतर मायाने नर्सिंगला नाव घातलं तेव्हा बुधाजींनी एकच अट घातली, की अर्धवट सोडून घरी यायचं नाही. ती अर्धवट काहीच सोडत नाही, हे मला पुढे फार महागात पडलं. माझ्याकडे आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तेल लावून घट्ट बांधलेले केस, इस्त्रीचा ड्रेस आणि समोरच्याच्या डोळ्यांत सरळ बघायची सवय. मी मुलाखतीत विचारलं, "त्वचेबद्दल काय माहिती आहे?"

"माह्या मायचं तोंड पायलं हाये मी," ती म्हणाली. "चाळीस वर्सं उन्हात राह्यल्यावर कातडं कसं होते, थे शिकासाठी मले पुस्तक नाई लागत."

मी पुस्तकं वाचून, तीही पुण्यात राहून, एमडी झालेली. मला राग यायला हवा होता. मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला यायला सांगितलं.

दोन वर्षांनी आमच्याकडे ते मशीन आलं. नाव लांबलचक आहे, रेडिओफ्रिक्वेन्सी मायक्रोनीडलिंग. पेशंट त्याला 'सुयांचं मशीन' म्हणतात आणि आता मीही तेच म्हणते. हातात धरायच्या दांड्याच्या टोकाला अगदी बारीक सुया असतात. त्या कातडीत एक-दोन मिलिमीटर आत जातात, आतच रेडिओलहरींची उष्णता सोडतात आणि क्षणात बाहेर येतात. कातडीला वाटतं, आपल्याला इजा झाली. ती दुरुस्तीला लागते, आत नवे धागे विणते, आणि दोन-तीन महिन्यांत सैल पडलेला गाल थोडा आवळतो, सुरकुत्या थोड्या भरतात. थोड्या. हा शब्द मी प्रत्येक पेशंटला तीनदा सांगते आणि पेशंट तिन्ही वेळा ऐकत नाहीत. आमच्या धंद्यात 'पी हळद नि हो गोरी'वाले फार.

कंपनीचा माणूस दोन दिवस शिकवून गेला. माया मागच्या खुर्चीवर बसून वहीत लिहीत होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "मॅडम, पयले मले करा."

"तुला कशाला? तुझ्या तोंडावर एक सुरकुती नाही."

"सुरकुतीसाठी नाई वं बाई. दुखते किती थे पाह्याचं हाये. पेशंट मले इचारंन तं मी काय सांगू? पुस्तकात लिहेल हाये म्हनून?"

'वं' म्हणजे वऱ्हाडातलं 'गं', आणि मला 'वं बाई' म्हणणारी ती माझ्या दवाखान्यातली पहिली आणि शेवटची. लगेच जीभ चावली तिने. मी तिच्या जबड्याखाली, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, चार ठसे दिले. बधिर करायची क्रीम अर्ध्याच जागेवर लावायची, असा तिचा हट्ट होता, दोन्हीतला फरक कळावा म्हणून. ती हूं की चूं न करता पडून राहिली. मग उठून आरशात बघितलं आणि म्हणाली, "बोंडातून कापूस काढतानी वाळेल टोकं बोटाले टोचतेत न, तसं. फक्त हे बोंड तव्यावर ठेवेल होतं."

तेव्हापासून आमच्या प्रत्येक पेशंटला हेच सांगितलं जातं. मी पुण्यात शिकलेले सगळे शब्द वापरून बघितले. या वाक्याने वऱ्हाडातली बाई जितकी निर्धास्त होते तितकी दुसऱ्या कशानेच होत नाही. इंदूबाई एकदा लेकीची नोकरी बघायला आल्या होत्या. त्यांनी मशीन पाहिलं, सुया पाहिल्या, आणि मला विचारलं, "येवढ्या सुया टोचून घ्याचे पैसे लोकंच देतेत? मले तं बोरीच्या काट्यायनं फुकटात टोचलं." माया अशी लाजली की बधिर क्रीमची ट्यूब शोधायला कपाटात शिरली.

आता माझी शोभा.

पहिल्याच उन्हाळ्यात अचलपूरच्या मनकर्णाबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, नीटनेटक्या, प्रत्येक गोष्ट विचारून करणाऱ्या. मी त्यांचं सिटिंग केलं आणि हातात छापील कागद दिला. तो मी स्वतः लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता. 'पुढील पाच दिवस चेहऱ्यास कोणतेही सौंदर्यप्रसाधन लावू नये.' शुद्धलेखनाची एक चूक नाही.

चौथ्या दिवशी मनकर्णाबाई पदराने तोंड झाकून आल्या. पदर काढला तर दोन्ही गाल सुजलेले, आणि त्या सुजेवर रांगेने पिवळे ठिपके, चौकटीच्या कागदावर काढावेत तसे. सुयांनी पाडलेली बारीक भोकं बुजायच्या आत दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्यांना वाटीभर हळद फासली होती. भाच्याची हळद होती.

"तुम्हाला सांगितलं होतं ना, काही लावायचं नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"डॉक्टर," त्या अतिशय शांतपणे म्हणाल्या, "हळद हे सौंदर्यप्रसाधन आहे का? हळद देवाची असते."

तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलेल्या बाईंना मी मराठीत सांगायला चुकले होते. सूज आठवड्यात उतरली, पण काळे डाग जायला पाच महिने लागले. पाच महिने त्या दर पंधरा दिवसांनी एसटीने यायच्या आणि एकदाही मला बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी मायाने माझा छापील कागद भिंतीवरून काढला आणि वहीचं पान फाडून स्वतःचा लावला. त्यात पेशंटने काय करू नये हे नव्हतंच. नुसते प्रश्न होते. घरात, भावकीत, शेजारात कोणाचं लगन हाये काय, आधी हळदीची तारीख सांगा. कुठं पूजेले, जत्रेले जाचं हाये काय, गुलाल उधळतेत काय. शेतात जाता काय, डोक्यावर काय घेता. चुलीपुढं किती वेळ बसता. मोझरीले पायदळ जाचा नवस हाये काय. शेवटचा प्रश्न असा होता : घरच्यायले मालूम हाये काय? कारण जी बाई चोरून सुया टोचून घेते, तिला दुसऱ्या दिवशी हळदीला, शेतात किंवा चुलीपुढे 'नाही' म्हणायला काही कारणच देता येत नाही. हे मला सुचलं नसतं. मला अजूनही वाटतं की या एका प्रश्नासाठी तिला कुणीतरी पदवी द्यायला हवी.

माया हे प्रश्न वाचून दाखवत नसे. क्रीम लावायच्या आधी पेशंटचे केस मागे बांधता बांधता गप्पा मारल्यासारखे विचारत असे, आणि बायका बोलत सुटत. पुढच्या पाच वर्षांत आमच्याकडे मनकर्णाबाईंसारखं पुन्हा एकदाही झालं नाही. गेल्या वर्षी नागपूरला डॉक्टरांच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, सावळ्या कातडीवर तुमच्याकडे डाग इतके कमी कसे? मी सुयांची खोली, तापमान, सगळं सांगितलं. मायाचं नाव घेतलं नाही. बघा, आणखी एक शोभा.

पण माया परत पाठवायला लागली. हा त्या प्रश्नांचा दुसरा भाग. खोलीत गेलेली बाई दहा मिनिटांत बाहेर यायची आणि म्हणायची, "सिस्टर म्हणाल्या, संक्रांतीनंतर या." मी माझ्या खुर्चीत मशीन गरम करून बसलेली. एका आठवड्यात अशा तीन गेल्या. कधी कधी माझं म्हणणं असायचं की एवढ्या-तेवढ्यासाठी थांबायची गरज नव्हती, आणि कधी कधी मी बरोबरही असायचे. पण डॉक्टर मी की ही? नोकरीला लागताना तिचा तिखटपणा ठीक होता, आता ती माझ्याच डोक्यावर मिरे वाटायला बसली होती.

मार्चमध्ये मी तिला समोर बसवलं.

"माया, पेशंट परत पाठवायचा अधिकार डॉक्टरचा असतो."

"मंग तुमीच पाठवत जा. मी तं फक्त इचारतो."

"उलट बोलू नकोस. यापुढे माझ्या परवानगीशिवाय एकही पेशंट परत गेला, तर तू सुयांच्या खोलीत यायचं नाही. अकोल्याचे गुरुवारही बंद. काउंटरवर बसून नंबर लावायचे."

तिचा चेहरा उतरला. ती खोली तिची होती. सुयांच्या टिपांची पाकिटं ती सील तपासून लावायची, सनस्क्रीनचे नमुने ओळीत ठेवायची, आणि कुणी नवीन मुलगी आली तर 'माह्या खोलीत चपला नाई आनाच्या' असं सांगायची. बुधाजींना तिने फोनवर फोटो काढून पाठवला होता, मशीनच्या शेजारी उभी राहून. मला हे सगळं माहीत होतं, म्हणूनच मी नेमकं तिथे बोट ठेवलं होतं.

"बरं," ती म्हणाली आणि उठून गेली.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी आम्ही अकोल्याला निघालो. सकाळी सातलाच गाडीची काच पोळत होती. मशीन मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेलं, माया त्याच्या शेजारी, एक हात मशीनवर. मूर्तिजापूर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. महिनाभर असंच चाललं होतं. पेशंट परत जाणं थांबलं होतं आणि मायाचं बोलणंही.

अकोल्यातली आमची जागा महादेवरावांच्या इमारतीत आहे. जिनिंगचे मालक, गावात वजन, बोलणं कमी. त्या दिवशी दुपारी पहिला नंबर त्यांच्या पत्नीचा होता, कौशल्याबाईंचा. वय त्रेपन्न. नवऱ्याच्या बरोबरीने त्यांनी कापसाच्या गाड्यांसमोर उन्हात उभं राहून पंचवीस वर्षं काढली होती आणि ती सगळी वर्षं कपाळावर, डोळ्यांच्या कडांना, ओठांभोवती दिसत होती. चार आठवड्यांनी त्यांच्या मुलाचं लग्न होतं. मी हिशेब केला : आज सिटिंग केलं तर लग्नापर्यंत लाली जाईल आणि थोडा फरकही दिसेल. पुढच्या फेरीला, म्हणजे दोन आठवड्यांनी केलं, तर लग्न फार जवळ येईल, मीच हात लावणार नाही. म्हणजे आज, नाहीतर लग्नाआधी नाहीच.

मी शेजारच्या खोलीत एका मुरुमांच्या पेशंटला बघत होते. वीस मिनिटांनी सुयांच्या खोलीत आले तर कौशल्याबाई टेबलावर बसलेल्या, केस मागे बांधलेले, आणि चेहरा कोरडा. क्रीम लावलेलीच नव्हती.

"मॅडम," माया म्हणाली, "आज नाई."

"का?"

"उद्या काकूच्या घरी हळद हाये. दिराच्या पोराची. या मोठ्या आई हायेत त्याच्या."

कौशल्याबाईंनी मला त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता, अकोल्याच्या एप्रिलमध्ये. माया म्हणाली, "बाहीखाली पाहा. चुडा भरेल हाये." लग्नघरी कासार येतो, घरातल्या सगळ्या सुवासिनी हिरव्या बांगड्या भरतात आणि पाठोपाठ हळद असते, हे अमरावतीत जन्मलेल्या मला सांगायची गरज नव्हती. पण तोवर मला ती बाही दिसली नव्हती.

"मी हातापायालेच लावून घेईन," कौशल्याबाई घाईने म्हणाल्या. "तोंडाले कोनाले हात लावू देनार नाई. डॉक्टर, आज नाई झालं तं मंग झालंच नाई न?"

खरंच होतं ते. आणि जागा त्यांची होती, आणि गुरुवार महिन्यातून दोनच होते, आणि मला मायाला दाखवून द्यायचं होतं की या खोलीत डॉक्टर कोण आहे. हे शेवटचं कारण सगळ्यांत मोठं होतं. म्हणून मी म्हणाले, "त्या नाही म्हणताहेत ना? झालं तर मग. क्रीम लाव."

"मॅडम, हळद का कोनी इचारून लावते?"

"माया, क्रीम लाव. नाहीतर बाहेर बस. आपलं काय ठरलंय ते तुला आठवतंय."

तिला चांगलं आठवत होतं. मग तिने हातमोजे काढले, लाल डब्यात टाकले, सॅनिटायझरने हात पुसले आणि बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली. दार ओढून घेतलं तेही आवाज न करता. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

क्रीम मी लावली. पाच वर्षांत पहिल्यांदा. ती भिनायला पाऊण तास द्यावा लागतो आणि एवढा वेळ पेशंटशी काय बोलायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. मी स्टुलावर बसले. आधीचा फोटो काढायचा राहिला होता, म्हणून क्रीमखालच्या चेहऱ्याकडे बघत मी म्हणाले, "फोटो क्रीम लावायच्या आधी घ्यायला हवा होता. माया घेते नेहमी."

"फोटोचं नाव नोका काढू," कौशल्याबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले.

मुलाच्या साखरपुड्यात फोटोवाला सगळ्यांना ओळीत उभं करत होता. नागपूरची विहीण, गोरी, मऊ, कधी उन्हात न गेलेली, नवऱ्या मुलीच्या शेजारी उभी होती. फोटोवाल्याने कौशल्याबाईंना हात करून सांगितलं, "आजी, तुम्ही जरा कडेला या." सगळे हसले. त्याही हसल्या. मुलाला ऐकूच गेलं नाही. घरी आल्यावर त्यांनी बाथरूमचं दार लावून आरशात बघितलं आणि दुसऱ्या दिवशी महादेवरावांना म्हणाल्या, वरच्या मजल्यावर ती डॉक्टर येते न, तिचा नंबर घ्या.

अश्रू क्रीममधून ओघळत होते. मी कापूस घेतला, पण पुसावं तर क्रीम जाणार. काय करावं कळेना, तेव्हा मायाच्या प्रश्नांतला एक तोंडात आला. खरं तर तो प्रश्नही मला धड विचारता आला नाही. मी म्हणाले, "उद्या तुम्हाला पहिली हळद कोण लावणार?"

"सासू."

"त्यांना सांगाल ना, तोंडाला नको म्हणून?"

कौशल्याबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "अठ्ठ्याऐंशीची हाये ती. चार वर्सं झाली, डोयानं दिसत नाई. तोंडावून हात फिरवते तवा तिले समजते कोन आलं. हळद तं ती गालालेच लावते, काहून का गाल तिले सापडते. तिले मी कसं सांगू, हात लावू नोको म्हनून?"

मी उठले. ओल्या कापसाने त्यांचं तोंड पुसायला सुरुवात केली. त्यांनी माझं मनगट धरलं, मी हळूच सोडवलं आणि सगळी क्रीम काढली, कानामागचीसुद्धा. मला माझी एवढी लाज वाटली की मी त्यांच्याकडे न बघता पुसत होते. अजून पाऊण तासाने मी त्या गालांवर शेकडो भोकं पाडली असती, आणि दुसऱ्या दिवशी एका आंधळ्या म्हातारीने मायेने त्यात हळद भरली असती. पुन्हा पाच महिने. या वेळी मुलाच्या लग्नातले सगळे फोटो धरून.

दार उघडून मी व्हरांड्यात गेले. माया बाकावर ताठ बसली होती, पर्स मांडीवर. काउंटरवर बसायची तयारी करून बसल्यासारखी.

"आत ये," मी म्हणाले.

"क्रीम पुसली?"

"पुसली."

"मंग येतो."

तिने मला दुसरं काही विचारलं नाही, 'मी सांगितलं होतं' असंही म्हणाली नाही. मी असते तर म्हणाले असते. किमान वर्षभर.

आत येऊन तिने कौशल्याबाईंच्या तोंडावर थंड पट्ट्या ठेवल्या, पाणी दिलं, आणि फोटोवाल्याची गोष्ट तिने पुन्हा पहिल्यापासून ऐकली, मधेच न बोलता. ऐकून झाल्यावर म्हणाली, "काकू, लगनाले तोच फोटोवाला हाये?"

"तोच."

"नंबर द्या त्याचा."

कौशल्याबाईंना वाटलं गंमत आहे. मायाने त्या लग्नात काय नेसणार ते विचारून घेतलं आणि स्वतःच्या फोनवरून तिथेच नंबर लावला. "हॅलो, दादा, मी दवाखान्यातून बोलून राहिली. घाबरू नोका, कोनी बिमार नाई. पुढल्या मयन्यात जिनिंगवाल्या महादेवरावांच्या पोराचं लगन हाये न तुमच्याकडं? नवरदेवाची माय कोनती, थे तुमाले मालूम हाये काय? नाई न? मंग लिहून घ्या. मोरपंखी शालू, नाकात मोठी नथ, रंग उन्हाचा. तिले आवाज देतानी नवरदेवाची आई म्हनाचं. दुसरं काई म्हनलं तं मी स्वता लगनात येऊन उभी राहीन."

कौशल्याबाई पट्ट्यांखालून हसायला लागल्या. मला वाटलं रडताहेत, म्हणून मी पुढे झाले, तर हसत होत्या.

तरी त्या सुयांशिवायच घरी गेल्या होत्या आणि लग्नाआधी आता काही होणार नव्हतं. संध्याकाळी मशीन गाडीत ठेवताना महादेवराव जिन्याखाली उभे होते. मला वाटलं, जागा गेली.

"थे सिस्टर कोन होती?" त्यांनी विचारलं.

"माझी नर्स. माया तायडे. आणि चूक तिची नव्हती, माझी होती."

"चुकीचं कोन बोलून राहिलं?" ते म्हणाले. "बायकोनं सांगितलं मले. डॉक्टर, जिनिंगवर ओला कापूस आला तं गाडी परत पाठवाले असा एक मानूस लागते. पाटलाची असो का पाहुन्याची असो, परत म्हनजे परत. मले वीस वर्सांत तसा एक भेटला नाई. ही देता काय?"

"नाही," मी म्हणाले. इतक्या जोरात, की गाडीत बसलेल्या मायाने काच खाली केली.

त्या रस्त्याने परत येताना मी तिची माफी मागितली. मला माफी मागता येत नाही, त्यामुळे बडनेऱ्यापर्यंत वेळ लागला. माया खिडकीबाहेर बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमाले राग आला का तुमी पुन्याचं बोलता. मले तवाच समजते का आता आयकत नाई." मग महिनाभराचं साचलेलं सगळं बोलली, आणि मी गाडी हळू चालवली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या संमतीपत्राचा मसुदा बदलला. खाली पेशंटची सही असते, डॉक्टरची सही असते. त्या दोन्हींच्या वर मी तिसरी ओळ घातली, 'विचारपूस केली' अशी, आणि तिथे माया बुधाजी तायडे हे नाव छापून घेतलं. ती सही झाल्याशिवाय आमच्याकडे क्रीमची ट्यूब उघडत नाही. कंपनीचा माणूस पुन्हा आला तेव्हा त्याने ते पाहून विचारलं, या कोण डॉक्टर? मी म्हणाले, या माझ्या वरच्या. नागपूरच्या बैठकीतही या वर्षी मी ते पान पडद्यावर दाखवलं, नाव वाचून दाखवलं, दोनदा.

कौशल्याबाई जुलैमध्ये आल्या. सोबत लग्नातला फोटो आणला होता, तो आधी मायाला दाखवला, मग मला. त्यात त्या सगळ्यांच्या मधोमध आहेत, तोंड उघडं टाकून हसताहेत, एकूण एक सुरकुती दिसते आहे. "'नवरदेवाच्या आई, मधात या,' असा वरडला थो," त्या सांगत होत्या. "अख्ख्या मांडवानं आयकलं."

"मंग आता सुया काहून?" मायाने विचारलं.

"आरसा तं रोजच हाये न बाई घरी."

माया हसली. केस मागे बांधता बांधता तिने सगळे प्रश्न विचारले. लग्न नाही, पूजा नाही, जत्रा नाही, आषाढाचं ढगाळ ऊन. घरी मालूम हाये काय? सासूला सगळ्यात आधी सांगितलं होतं. सासू म्हणाली होती की पाच दिवस मी तुझा हात चाचपून ओळखीन. मायाने सही केली. क्रीम लावली, पाऊण तास गप्पा मारल्या, क्रीम पुसली, बोंडाचं आणि तव्याचं सांगितलं.

मी दांडा हातात घेतला, सुयांची खोली लावली, आणि कौशल्याबाईंच्या कपाळावर टेकवायच्या आधी थांबले. सही झालेली होती, विचारायची काही गरज नव्हती. तरी मी मान वळवून मायाकडे बघितलं.

"करू काय वं?" मी विचारलं.

मायाने एकदा पेशंटच्या चेहऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्या हाताकडे.

"करा," ती म्हणाली.